एमआर२ परत येणार म्हणे: यावी का, आणि आली तर कशी?

शहापूरकर
मंडळी, टोयोटाच्या एमआर२ ची, म्हणजे त्यांच्या जुन्या दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारची, कुजबुज पुन्हा सुरू झालीय. २०२३ च्या ऑक्टोबरात टोकियोच्या मोबिलिटी शोमध्ये त्यांनी एफटी-एसई नावाची दोन सीटांची बुटकी इलेक्ट्रिक गाडी मांडली. तेव्हा सगळे म्हणाले, ही घ्या नवी एमआर२. मग २०२५ च्या जानेवारीत ऑटो सलॉनला जीआर यारिस एम आणली. दिसायला यारिसच, पण पुढचं इंजिन काढून सीटांच्या मागं दोन लिटरचं टर्बो बसवलेलं. एवढा उपद्व्याप कुणी भाजी आणायच्या गाडीसाठी करत नाही. नाव घेऊन मात्र कुणी काही जाहीर केलेलं नाही.

नव्या पोरांसाठी थोडक्यात: पहिली एमआर२ १९८४ ची, टोकदार, सगळी कोनांची. दुसरी १९८९ ची, गुळगुळीत, जास्त वजनाची, टर्बोवाली. हिच्यावर फेरारीचं कवच चढवून लोकांनी नकली फेरारी विकल्या. तिसरी १९९९ ते २००७, कापडी टपाची. तिघी एकमेकींच्या बहिणी वाटत नाहीत, पण तिघींचं इंजिन सीटांच्या मागं, बसायला दोघंच, आणि किंमत नोकरदाराला स्वप्नात तरी परवडेल एवढी.

माझं मत आधीच सांगतो. पहिली एमआर२ भारी होती, कारण तिच्यात भारी असं काही नव्हतंच. सगळं कोरोलाचं. तशीच आणणार असतील तर आणावी. नाहीतर दीड-पावणेदोन टनाच्या गाडीवर जुनं नाव ठोकून विकायचं असेल तर राहू दे, आहे त्या आठवणी बऱ्या आहेत. तुम्हाला काय वाटतं?

निपाणीकर_पाटील
आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर स्विफ्टचं पोट घासतंय. एमआर२ आली तर क्रेनबरोबर येऊ दे.

पॅटर्नशॉप_उद्यमबाग
शहापूरकर, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच सांगितलात. "सगळं कोरोलाचं" म्हणजे काय ते सांगा की ओ.

पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या कोरोलात इंजिन आडवं बसतं, गिअरबॉक्स त्याच्या कडेला, दोन्ही मिळून एक गठ्ठा. टोयोटानं तो गठ्ठा उचलून मागच्या चाकांच्या जरा पुढं ठेवला. झाली मिड-इंजिन गाडी. फियाटनं हीच युक्ती १९७२ मध्ये एक्स१/९ ला केली होती, १२८ चं इंजिन घेऊन. एमआर२ च्या वरच्या मॉडेलात ४ए-जीई होतं, १५८७ सीसी, डबल कॅम, सोळा व्हॉल्व्ह, हेडच्या (सिलिंडरवरच्या झाकणाच्या) कामात यामाहाचा हात. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं.

आता असं का करावं लागतं ते आम्हा ओतकामवाल्यांना विचारा. ब्लॉकचा पॅटर्न म्हणजे नमुना, आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर बनवायच्या कोअरबॉक्स, हेडच्या डाय, हा खर्च गाड्या किती विकल्या ते बघून होत नाही, तो पहिला नग ओतायच्या आधीच होऊन बसतो. त्यात पाण्याच्या जॅकेटचा कोअर म्हणजे वाळूची नाजूक जाळी. मोल्ड बंद करताना तो केसभर सरकला की सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड, दुसरीकडं पातळ. वरून कास्टिंग एकदम देखणं दिसतं. मशिनिंग होऊन प्रेशर टेस्टला बसवलं की घाम फुटल्यासारखं पाणी झिरपतं, आणि तोवर त्याच्यावर सगळी मजुरी खर्च झालेली असते. हे सगळं बसवायचं तर लाखांनी नग लागतात. थोड्या हजारांत विकल्या जाणाऱ्या गाडीसाठी खास इंजिन करणं कुणालाच परवडत नाही. म्हणून इंजिन घरातल्याच दुसऱ्या गाडीचं उचलावं लागतं. टोयोटानं ही मजबुरी लपवली नाही, तिचाच फायदा करून घेतला.

कुंदा_स्पेशल
कुणीतरी यामाहाचं नाव घेतलं. आरएक्स१०० वाले यायच्या आत धाग्याला कुलूप लावा.

जुनी_आरएक्स_खडेबाजार
आलोच. काय म्हणत होता?

ओंकार_टिळकवाडी
मला कळत नाही, इलेक्ट्रिक म्हटल्यावर सगळ्यांच्या पोटात का दुखतं. मोटर लहान असते, मागच्या अॅक्सलवर सहज बसते, बॅटरी खाली, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी जमिनीला लागलेला. पॅडल दाबलं की ताकद लगेच. तुमच्या त्या ४ए ला सात हजार आरपीएमपर्यंत ओरडवल्याशिवाय काही होत नव्हतं. एफटी-एसई तशीच आली तर मी तरी खूश. आणि काकालोकांनो, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळतात आता. तुमची जुनी कार्ब्युरेटरची बाळं त्याच्यावर किती दिवस चालणार?

मेस्त्री_काका
ओंकार बाळा, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली गेला मान्य, पण गाडीचं वजन कुठं गेलं ते बघ. पहिली एमआर२ एक टनाच्या आसपास. तिसरीसुद्धा टनाच्या आतबाहेरच, त्यात टप उघडतं. नुसत्या बॅटरीचे तीन-चारशे किलो धर आणि मग सांग.

वजन कमी असलं की ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात, स्प्रिंगा मऊ ठेवता येतात, आणि मऊ स्प्रिंग म्हणजे खराब रस्त्यावर गाडी उड्या न मारता टेकून राहते. जड गाडीला हे सगळं मोठं करावं लागतं, मग ते मोठं केलेलं परत वजनात भर घालतं. ताकद वाढवून सरळ रस्त्यावर पळता येतं. वळणात वजन लपत नाही. आणि ४ए ला कार्ब्युरेटर नव्हता, ते इंजेक्शनचं इंजिन.

ओंकार_टिळकवाडी
कार्ब्युरेटर मी तुमच्या गाड्यांना म्हटलं काका, एमआर२ ला नाही. 😄

मेस्त्री_काका
माझ्याकडं प्रीमियर पद्मिनी आहे. तिला नावं ठेवायची नाहीत.

लेस्टरकर_वडगाव
वडगावचा, सध्या इंग्लंडात लेस्टरला. माझ्याकडं तिसऱ्या पिढीची आहे, झेडझेडडब्ल्यू३०. इथं आजही मध्यमवर्गीय माणसाला सेकंडहँड घेता येते, म्हणून घेतली. स्वप्न बिप्न काही नव्हतं.

कौतुक आणि गाऱ्हाणी दोन्ही सांगतो. इंजिन १.८ लिटरचं, १३८ हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर आजची कुठलीही टर्बो एसयूव्ही हिला मागं टाकेल. पण स्टिअरिंग हातात घेतल्यावर पुढचा भाग एवढा हलका लागतो की पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळण जास्तच कापत होतो. पुढं इंजिनच नाही ना. टायर कशावरनं चाललाय, खडी, ओला डांबर, पांढरा पट्टा, सगळं तळहातात येतं. इंजिनाचा आवाज मानेमागून येतो. बायको म्हणते, कुणीतरी पाठीशी बसून मिक्सर लावलाय.

गाऱ्हाणं एकच, पण मोठं. डिकी नाही. पुढच्या बॉनेटखाली स्टेपनी आणि तिच्या कडेला जेमतेम जागा, बाकी सीटांच्या मागं एक झाकणाचा खण. बेळगावहून आई आली तेव्हा तिला विमानतळावर घ्यायला मित्राची गाडी मागावी लागली. तिच्या एका बॅगेत नुसते मांडे आणि कुंदा होता, ती बॅगसुद्धा या खणात गेली नसती.

घेणाऱ्यांसाठी: सुरुवातीच्या गाड्यांत या १झेडझेड इंजिनाला तेल पिण्याची सवय होती, आणि एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमधले धूर साफ करणारे छोटे प्री-कॅट फुटून त्याचा चुरा उलटा इंजिनात जायचा, हे इथल्या सगळ्या क्लबांत माहीत आहे. जाणता माणूस आधी तेवढं बघतो, मग रंग.

निपाणीकर_पाटील
मांडे मावत नाहीत म्हणजे आमच्याकडं लग्नसराईत ही गाडी बाद.

सेलिका_सदाशिवनगर
तुम्ही सगळे चुकीच्या गाडीसाठी रडताय. परत आणायचीच तर टोयोटाची सेलिका आणा. तिच्याबद्दल टोयोटाचे मोठे अधिकारी जाहीरपणे बोललेत, एमआर२ बद्दल नुसता धूर आहे. सात पिढ्या, १९७० ते २००६. कार्लोस साइन्झनं १९९० आणि १९९२ ला सेलिकातनं वर्ल्ड रॅली जिंकली, १९९३ ला कांकुनेन, १९९४ ला ऑरिओल. एमआर२ नं काय जिंकलं सांगा बघू.

कुंदा_स्पेशल
आणि १९९५ ला काय झालं ते का नाही सांगितलं अण्णा?

सेलिका_सदाशिवनगर
सांगतो की. लपवायचं काय त्यात. कॅटलुनियाच्या रॅलीत टर्बोचा रेस्ट्रिक्टर बेकायदा निघाला आणि टोयोटाला वर्षभर बाहेर बसवलं. पण ती लबाडी बघण्यासारखी होती. रेस्ट्रिक्टर म्हणजे टर्बोच्या तोंडाशी हवा कमी करणारी कडी, सगळ्यांना सारखी. यांनी ती अशी बसवली की जोडणी घट्ट केल्यावर कडी थोडी सरकून कडेनं जास्त हवा आत जायची, आणि तपासायला होज काढला की आतल्या स्प्रिंगा ती परत जागेवर नेऊन बसवायच्या. तपासणाऱ्याला सगळं नियमात दिसायचं. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचे मॅक्स मोस्ले स्वतः म्हणाले होते की इतकं हुशारीचं काम त्यांनी आधी बघितलं नव्हतं.

पॅटर्नशॉप_उद्यमबाग
असला फिटर आमच्याकडं मिळाला तर दोन शिफ्टचा पगार देतो.

खानापूरची_सून
मी दर आठवड्याला चोर्ला घाटातून गोव्याला जाते, कामासाठी, मजेसाठी नाही. जांबोटीपर्यंत ठीक, कणकुंबी सोडलं की पावसाळ्यात समोरचं दिसत नाही. वळणावर पालापाचोळा, वरून वाहून आलेली लाल माती, आणि समोरून वाळूचा ट्रक आपल्याच बाजूनं. तुम्ही सगळे वळणांच्या गप्पा मारताय म्हणून विचारते, ही मागं इंजिन असलेली गाडी अशा रस्त्यावर नवख्याच्या हातात सुरक्षित आहे का? दुसऱ्या पिढीबद्दल वाईट ऐकलंय.

मेस्त्री_काका
सूनबाई, नेमका प्रश्न विचारलात. बरोबर ऐकलंय.

इंजिन मध्यात असलं की वजनाचा गोळा गाडीच्या पोटाशी येतो. पुढं टोकाला काही नाही, मागं टोकाला काही नाही. म्हणून गाडी वळायला झटकन तयार होते. पण जे झटकन वळतं ते झटकन घसरतंसुद्धा. वळणात जोरात गेलात, मध्येच घाबरून अॅक्सिलरेटर सोडला, की वजन पुढं झुकतं, मागचे टायर हलके होतात, आणि मागची बाजू बाहेर निघते. पुढच्या इंजिनाच्या गाडीत हे सावकाश होतं, सावरायला वेळ मिळतो. १९८९ च्या एमआर२ मध्ये हे फारच पटकन व्हायचं. टोयोटानं नंतर मागचं सस्पेन्शन बदललं, मागचे टायर रुंद केले, तेव्हा ती माणसाळली.

नियम सोपा आहे. ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा, वळणात पाय हलका पण स्थिर ठेवायचा, आणि समोर ट्रक दिसला म्हणून एकदम पाय काढायचा नाही. चोर्ल्यात तिसरा नियम पाळणं माणसाला जमत नाही, म्हणून तिथं पावसात असली गाडी नेऊ नये हे माझं स्पष्ट मत. आता ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल आलंय, नवी गाडी आली तर ते बरंच वाचवेल. ओल्या लाल मातीवर मात्र टायरालाच पकड नसेल तर कॉम्प्युटर तरी काय धरून ठेवणार.

खानापूरची_सून
आभारी आहे काका. म्हणजे मी आणि माझी वॅगनआर दोघी सुखी.

गोवेकर_मावसभाऊ
सगळे जपानच्या गाडीवर बोलताय, आमच्या गोव्यात दोन सीटांची स्पोर्ट्स कार बनत होती हे विसरलात काय? सॅन स्टॉर्म. बेंगळूरच्या सॅन मोटर्सची, नव्वदच्या शेवटी. फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. मडगावात एक लाल रंगाची दिसायची, पोरं मागं धावायची.

शहापूरकर
मावसभाऊ, विसरलेलो नाही, उलट ती माझ्याच बाजूची साक्षीदार आहे. त्यांनीही इंजिन दुसऱ्याचं उचललं, बॉडी फायबरची केली म्हणजे पत्र्याच्या डायचा खर्च वाचला. विचार एमआर२ चाच. पण मागं टोयोटाएवढं घर नव्हतं, म्हणजे गावोगावी शोरूम नाही, पार्ट नाही, सर्व्हिस नाही. ६० हॉर्सपॉवरला तेव्हाच्या सेडानचे पैसे कोण देणार? म्हणूनच म्हणतो, असली गाडी फक्त मोठ्या कंपनीनंच करावी, आणि मोठी कंपनी ती करायला घाबरते.

सेलिका_सदाशिवनगर
मोठी कंपनी एकटी करतच नाही ओ आता. टोयोटाचीच सुप्रा ही स्पोर्ट्स कार २००२ ला बंद झाली, २०१९ ला परत आली ती बीएमडब्ल्यूचं इंजिन घेऊन, ऑस्ट्रियात ग्राझला बनून. ८६ नावाची गाडी सुबारूबरोबर केली. मग एमआर२ कुणाबरोबर करणार? आणि ती मग टोयोटा कशी?

पॅटर्नशॉप_उद्यमबाग
अण्णा, यात लाजण्यासारखं काय? पहिल्या एमआर२ चं हेड यामाहाबरोबर केलेलं, तिच्या हँडलिंगसाठी लोटसच्या रॉजर बेकरला बोलावलं होतं. ती काय परकी झाली? हत्तरगीच्या एसईझेडमध्ये युरोपच्या विमानांचे भाग होतात, म्हणून विमान आपलं होत नाही आणि त्यांचंही कमी होत नाही. कुणी ओतलं ते महत्त्वाचं नाही, चित्र कुणी काढलं आणि वजन कुणी तपासलं ते बघा. सुप्राची खरी अडचण इंजिन नव्हतं, किंमत होती.

कुंदा_स्पेशल
थोडं विषयांतर. टोयोटाचं भारतातलं सासर किर्लोस्कर, आणि किर्लोस्करांचं मूळ आपलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, १८८८ ला बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं नगरपालिकेनं जागा घेतली म्हणून औंध संस्थानात गेले, १९१० ला किर्लोस्करवाडी वसली. ती जागा सुटली नसती तर बेंगळूरजवळच्या बिडदीऐवजी टोयोटाचा कारखाना आपल्याकडं असता. मग आम्हीच ठरवलं असतं एमआर२ चं.

जुनी_आरएक्स_खडेबाजार
कारखाना इथं असता तर पहिला बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा यावरच पन्नास वर्षं गेली असती. गाडी बाहेर पडलीच नसती.

कुंदा_स्पेशल
😂 मॉडरेटर, याला एक आठवड्याची रजा द्या.

कर_सल्लागार_गोकाक
गप्पा छान चालल्यात, आता पैशाचं बोलू. एमआर२ भारतात अधिकृत कधीच विकली गेली नाही. जुनी आणायचं म्हणाल तर तीन वर्षांपेक्षा जुनी सेकंडहँड गाडी आयात करता येत नाही. म्हणजे लेस्टरकरांची गाडी लेस्टरलाच राहणार.

नवी आली तर? उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या, कंपनीला वर्षाला २५०० नगांपर्यंत इथं वेगळी मंजुरी न काढता आणता येतात, त्यामुळं दार उघडं आहे. पण हिशोब बघा. समजा बंदरात उतरताना ३० लाखांची गाडी. ४० हजार डॉलरच्या आतली म्हणून ७० टक्के कस्टम, २१ लाख. झाले ५१. त्यावर ४० टक्के जीएसटी, २० लाख ४० हजार. झाले ७१ लाख ४०. कर्नाटकात २० लाखांच्या वर १८ टक्के आजीवन रोड टॅक्स, साधारण १२ लाख ८५. एकूण ८४ लाखांच्या वर, त्यात अजून विमा नाही, विक्रेत्याचा नफा नाही, टॅक्सवरचा सेस नाही. किंमत ४० हजार डॉलर ओलांडली की कस्टमच ११० टक्के.

केए-२२ लावा नाहीतर केए-२३, आकडा हाच. आणि कोल्हापूरच्या पाहुण्याच्या नावावर एमएच-०९ करू असं मनात असेल तर एवढंच सांगतो, आपल्या भागात असली एकच गाडी असणार, आरटीओला शोधायला फार कष्ट पडणार नाहीत.

निपाणीकर_पाटील
८४ लाखांत आमच्याकडं पाण्याखालचं रान येतंय. त्याच्यावर ट्रॅक्टर फिरवला तर तोही मागच्या चाकांनीच ढकलतो.

ओंकार_टिळकवाडी
पाटलांनी धागा जिंकला.

लेस्टरकर_वडगाव
गोकाकच्या हिशोबानं धक्का बसला. एवढ्या पैशात इथं माझ्यासारख्या जुन्या एमआर२ ची अख्खी रांग लागेल. भारतात असताना मलाही वाटायचं की कंपन्या आपल्याला चांगल्या गाड्या मुद्दाम देत नाहीत. हा आकडा बघितल्यावर कुठल्या कंपनीला दोष द्यायचा?

खानापूरची_सून
मग बिडदीतच बनवावी की. इनोव्हा बनते तिथं.

मेस्त्री_काका
इनोव्हा बनते कारण ती टॅक्सीवाल्यापासून आमदारापर्यंत सगळे घेतात. दोन सीटांची गाडी घरातली तिसरी किंवा चौथी गाडी असते. आमच्या भागात पहिली गाडी घेतानाच विचारतात, मागं तिघं बसतील का, आणि शेतातली पोती जातील का.

दुसरं, सर्व्हिसचं सांगतो. मिड-इंजिन गाडीत हात घालायला जागा नसते. रेडिएटर पुढं, इंजिन मागं, मधून गाडीच्या पोटाखालनं पाण्याच्या लांब नळ्या. कूलंट बदलल्यावर त्यातली हवा नीट काढली नाही की सुई वर चढते आणि हेड वाकतं. पुढची बाजू उचलून, एकेक ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू) उघडून, सावकाश करायचं काम ते. घाईच्या गॅरेजला याचा कंटाळा येतो. गिअरच्या केबलीसुद्धा लांबलचक. गाडी वाईट म्हणून नाही सांगत, तिला वेळ देणारा माणूस लागतो. आमच्या पिढीत तसे होते. आताची पोरं लॅपटॉप लावतात, लाल लाइट विझवतात आणि बिल देतात.

ओंकार_टिळकवाडी
इलेक्ट्रिकला ती नळ्यांची भानगड निम्म्यानं कमी होते, एवढं बोलून गप्प बसतो.

मेस्त्री_काका
बॅटरीलाही कूलंट लागतो बाळा.

सेलिका_सदाशिवनगर
मूळ प्रश्नावर यायचं तर होंडानं काय केलं ते बघा. प्रेल्यूड २००१ ला बंद, २०२५ ला परत आली. हायब्रिड, खरे गिअर नाहीत, तर गिअर बदलल्याचा भास करून देणारी यंत्रणा. दिसायला सुंदर. पण जुन्या प्रेल्यूडवाल्याला ती बघून काय वाटलं असेल? माझ्या सेलिकाचं असं झालं तर मी दोन दिवस जेवणार नाही.

पॅटर्नशॉप_उद्यमबाग
मला उलट वाटतं. होंडानं निदान घरातलं हायब्रिड उचलून वापरलं, म्हणजे हिशोब एमआर२ चाच. कंपनीकडं आज जे लाखांनी बनतं त्यातूनच स्पोर्ट्स कार निघणार. १९८४ ला लाखांनी कोरोला बनत होती. आज लाखांनी हायब्रिड बनतात. शहापूरकर, तुमचाच नियम लावला तर नवी एमआर२ हायब्रिडच असायला हवी. पटतंय का बघा.

शहापूरकर
पॅटर्नशॉप, कोंडीत पकडलंत. पण मी नियमात एक अट जोडतो: घरातलं उचला, पण घरातलं हलकं असेल ते उचला. जीआर यारिसचं १.६ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन टोयोटा स्वतः बनवते, जीआर कोरोलातही तेच आहे, नवा पॅटर्न करायला नको. माझी यादी अशी: ते इंजिन मागं, सहा गिअर हातानं बदलायचे, कापडी सीट, स्क्रीन लहान किंवा नसलेली बरी, वजन १२०० किलोच्या आत. गोकाकांच्या हिशोबानं मी घेणार नाही हे उघड आहे. तरी कुणीतरी बनवावी, आणि वीस वर्षांनी लेस्टरकरांसारख्या कुणाला तरी स्वस्तात मिळावी.

खानापूरची_सून
एसीचं काय?

शहापूरकर
एसी नको. वजन वाढतं.

निपाणीकर_पाटील
एप्रिलात निपाणीला या मर्दा, मग वजनाचं बोलू.